पटावरचं नाव

भिमाजी कोळपेला पळताना बघायचं असेल तर पायांकडे बघू नये, खांद्यांकडे बघावं. पाय काय, सगळ्यांचेच हलतात. ह्याचे खांदे मात्र जागचे ढळत नसत. कमरेखालचा माणूस ढेकळांतून, काट्यांतून पळतोय आणि कमरेवरचा बांधावर बसून निवांत तंबाखू मळतोय, असं वाटायचं. चौतीस वर्षं मी शिरूरच्या शाळेत पोरांना पीटी शिकवली, शेकड्यांनी पोरं मैदानात पिदवली, पण असले खांदे मला एकाही पोरात घडवता आले नाहीत. ते मेंढरांमागे चालून घडले होते. बाप मेंढपाळ, आजा मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. पुढं घोड नदीच्या काठाला पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पाय तेवढे राहिले.

मी निवृत्त झालो तेव्हा घरात बसवेना. बायको म्हणाली, तुम्ही शिट्टी तरी टाका नाहीतर मी तरी माहेरी जाते. मग आम्ही चार रिकाम्या मास्तरांनी मिळून ज्येष्ठांची क्रॉस कंट्री सुरू केली. दर जानेवारीत, इनामगावच्या शिवारात. अंतर सहा किलोमीटर. पटांगणातून निघायचं, उसाच्या बांधाने पाण्याच्या चारीपर्यंत जायचं, चारी ओलांडून मुरमाड माळ चढायचा, घोडच्या वाळूत उतरायचं आणि बाभळींतून परत. वयाचे गट पाच-पाच वर्षांचे. आधार कार्डाची झेरॉक्स नसेल तर मी कुणालाही उभं करत नसे. एकदा सख्ख्या मेव्हण्याला परत पाठवला, तेव्हापासून त्याच्या घरचा दिवाळीचा फराळ आम्हाला बंद आहे. नियम म्हणजे नियम, असं मी छाती काढून सांगायचो. आता ती छाती कुठे लपवू असं होतं.

पहिली शर्यत २०१४ ची. पंचावन्नच्या गटात दोघं भेटले. एक इनामगावच्या वस्तीवरचा हा भिमाजी. दुसरा तळेगाव ढमढेऱ्याचा हौसराव जगताप. दोघंही कागदावर १९५८ सालचे. हौसराव म्हणजे सोसायटीचा माजी चेअरमन, बोलायला मोकळा आणि रागाला तिखट. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून पळालेला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. थर्मास, मलमाची बाटली, बुटांचे दोन जोड असा लवाजमा घेऊन गाडीतून उतरायचा. डोक्यावर पांढरी टोपी, ती पळतानाही काढत नसे. भिमाजी यायचा चालत, त्याची वस्ती पटांगणापासून हाकेच्या अंतरावर.

त्या वर्षी भिमाजी पहिला आला, हौसराव दुसरा. पुढच्या वर्षीही तेच. साठीच्या गटात दोघं बरोबरच गेले आणि तिथंही तेच. मधलं एक वर्ष करोनाने खाल्लं. ते सोडून नऊ शर्यती झाल्या, आणि नऊही वेळा भिमाजीमागे हौसराव. एकदा फरक अवघ्या चार सेकंदांचा. त्या वर्षी हौसराव रेषा ओलांडून तसाच मातीत आडवा पडला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, “भिमाजी, तुझी पाठ मला तोंडपाठ झाली. झोपंतबी तीच दिसती.”

“मग पुढं या की आप्पा. कुणी आडिवलंय?”

“येतो. मरायच्या आत एकदा येतो.”

शर्यत झाली की हौसराव भिमाजीच्या वस्तीवर जेवायला जायचा, हा रिवाजच पडला होता. मीही जायचो. भिमाजीची बायको सगुणाबाई बाजरीच्या भाकरी आणि झणझणीत कालवण करायची. भिमाजीची आई अनसाबाई ओसरीवर खाटेवर बसलेली असायची, नव्वदीला टेकलेली. शर्यतीचं प्रमाणपत्र आधी तिच्या हातात द्यायचं. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदावर बोट फिरवत ती बरोबर एका शब्दावर थांबायची. ‘भिमाजी’. प्रमाणपत्रांवरची नावं मी लिहायचो, ठळक शाईत, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशी. म्हातारीला त्या एका शब्दाचं रूप ओळखू येत होतं, बाकी सगळी अक्षरं तिच्या लेखी मुंग्या. मग तो कागद लॅमिनेशन करून ओसरीच्या भिंतीवर लागायचा. अशी नऊ होती, आणि सगळ्यांच्या वर शाळेतलं एक पिवळं पडलेलं.

“अनसाबाई, ह्यातला एक तर मला द्या,” हौसराव दरवर्षी म्हणायचा.

“हात लावू नगंस,” म्हातारी दरवर्षी म्हणायची, आणि आम्ही हसायचो. ती मात्र हसत नसे. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर हौसरावने आम्हा दोघांना तळेगावला बोलावलं. बाजाराचा दिवस होता, बाहेर जीपांचा कालवा चाललेला. त्याने दार लावून घेतलं आणि पाय मुरगळला म्हणून सांगावं तसं सांगितलं. “पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, लगेच सुया चालू करा. मी म्हणलं, जानेवारीपातुर थांबा. शर्यत झाली की काय टोचायचं ते टोचा.”

“येड लागलंय का आप्पा?” भिमाजी म्हणाला.

“व्हय, लागलंय. नऊ वर्षं लागलंय.” मग त्याचा आवाज खाली आला. “सुया चालू झाल्यावर मी पळायचो न्हाई, भिमाजी. ही शेवटची. मला एकदा पयलं यायचंय. पन तू घरी बसलास म्हणून न्हाई, आन् तू लंगडलास म्हणूनबी न्हाई. तुला मागं टाकून. न्हाई जमलं तर न्हाई, पन खरं पायजे.”

साखरबाई, त्याची बायको, दाराबाहेर उभी होती. निघताना तिने माझ्याकडे असं बघितलं की शर्यत काढली ह्याचीच मला लाज वाटली.

डिसेंबरात एका सकाळी भिमाजी माझ्या घरी आला. अर्जांचा गठ्ठा टेबलावरच होता. त्याने अर्ज उचलला नाही.

“सर, माझं वय चुकलंय.”

“अर्ध्या तालुक्याचं चुकलंय,” मी म्हणालो. “एक जूनला एवढी पोरं जन्मली असती तर सुइणी पुरल्या नसत्या.”

“तारखंचं न्हाई, सर. माणूसच चुकलाय. मी भिमाजी न्हाई. भिमाजी माझा थोरला भाऊ. मी हनुमंत.”

मग त्याने जे सांगितलं ते असं. १९६४ च्या जूनमध्ये गुरुजी वस्त्यावस्त्यांवर फिरून शाळेचा पट भरत होते. सखाराम कोळप्याच्या दारात त्यांना सहा वर्षांचा पोरगा दिसला. त्यांनी नाव विचारून लिहिलं, एक जून अठ्ठावन्न ही तारीख ठोकून दिली आणि पुढच्या वस्तीकडे गेले. पोरगा महिनाभर शाळेत गेला असेल. दिवाळीनंतर कळप निघाला, त्याच्याबरोबर घरही निघालं, आणि वाटेत पोरगा तापाने फणफणला. तिसऱ्या दिवशी गेला. तिथंच एका ओढ्याकाठी त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी कळप हलवावाच लागला, कारण चारा संपला होता आणि मेंढरं काही सुतकासाठी थांबत नाहीत. तो ओढा कोणत्या गावचा, हे अनसाबाईला पुढं कधीच सांगता आलं नाही. शाळेला कुणी कळवलं नाही. कळवायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोराचा जन्म कुठं लिहिलेला नव्हता, मरण कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते फक्त पटावर.

धाकटा हनुमंत तेव्हा वर्षाचा होता. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा बाप त्याला शाळेत घेऊन गेला. गुरुजी नवे होते. त्यांनी पट उघडला आणि म्हणाले, “सखाराम कोळपे? अरे, तुझं पोरगं पाच वर्षं गैरहजर! आणलंस का एकदाचं?” बाप टोपी हातात धरून उभा. पोरगं मेलं म्हणावं तर इतकी वर्षं का कळवलं नाही म्हणून सरकार दंड करेल, ह्या भीतीने त्याची जीभ टाळ्याला चिकटली. गुरुजींनी पोराला पहिलीत बसवलं आणि सांगितलं, नाव पुकारलं की हजर म्हणायचं. अकरा वर्षांचा म्हणून लिहिलेला पोरगा जेमतेम सहाचा दिसतोय, हे त्यांना दिसलं नसेल? दिसलंच असणार. पण पट भरला की मास्तरला डोळे मिटता येतात. मी चौतीस वर्षं मास्तर होतो, मला कुणी शिकवू नये.

“सांच्याला आईनं इचारलं, काय शिकवलं? मी म्हणलं, भिमाजी म्हणलं की हजर म्हणायचं. आई चुलीम्होरनं उठली, मला पोटाशी धरलं आन् किती येळ सोडलं न्हाई. तवापासनं तिनं मला हनुमंत म्हणून हाक मारल्याली मला आठवत न्हाई. भिमाजीबी म्हणत न्हाई. नुसतं बाळा म्हणती. साठ वर्षाचा बाळा मी.”

मी बोटांवर मोजत बसलो. पाच वर्षं. बरोब्बर एक गट. म्हणजे नऊच्या नऊ शर्यतींत जो पहिला आला तो त्या गटाचा नव्हताच. पहिला हौसराव होता. तो नऊ वेळा आला होता, आणि मीच त्याच्या हातात नऊ वेळा दुसऱ्या नंबरचा कागद ठेवला होता, हस्तांदोलन करून.

“इतकी वर्षं गप्प का बसलास?”

“पयल्या वर्षी ध्यानातच आलं न्हाई. तुम्ही कागद मागितला, म्या दिला. मग ध्यानात आलं तवर आईनं तीन कागद भितीला लावलं व्हतं. तोंड उघडंना, सर. पन आता आप्पा निघाला. औंदा मला माझ्या नावावर पळू द्या. माझ्या गटात. आप्पा त्याच्या गटात पयला येईल, आन् आधीचं नऊबी त्याला सांगून टाकू.”

हे ऐकून मी त्याला मिठी मारायला हवी होती. मी काय केलं? मी मास्तर झालो. पुरावा लागेल, म्हणालो. आईचा जबाब लागेल, असं म्हणून त्याच दिवशी त्याच्याबरोबर वस्तीवर गेलो आणि ओसरीवर, त्या भिंतीखाली बसून, म्हातारीला नियम समजावून सांगू लागलो. नाव दुरुस्त होईल, गट बदलेल. “आणि ही नऊ प्रमाणपत्रं रद्द करून परत घ्यावी लागतील,” हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. माझ्या जिभेला सवय.

अनसाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीकडे हात केला.

“मास्तर, माझं पोरगं कुठं पुरलंय ते मला दावा. दावता येतंय?”

मी भिंतीवरच्या कागदांकडे बघितलं.

“न्हाई येत. मला बी न्हाई येत. ती माती कुणी नांगरली, तिथं ऊस हाय का घर हाय, मला ठावं न्हाई. माझ्या भिमाचं ह्या जगात एवढंच हाय. त्याचं नाव. ते तुम्ही काढून न्यायाला आलाय व्हय?”

“आई, आगं पन आप्पाचं...” भिमाजी म्हणाला.

तिने त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. “मी हाय तवर ह्या घराभाइर न्यायचं न्हाई. शपथ घे. मग माझ्यामागं काय करायचं ते कर.”

साठ वर्षांचा माणूस, पण आईच्या डोक्यावरचा हात त्याला काढून घेता येईना. त्याने शपथ घेतली. मीही मान हलवली. बाहेर आल्यावर तो बांधावर मटकन बसला. एकीकडे मेलेला भाऊ आणि जिवंत आई, दुसरीकडे मरायला टेकलेला मित्र. कुणाचं काढून कुणाला द्यायचं?

आणि तेव्हा मी, नियमवाला मी, त्याला अक्कल दिली. “हळू पळ,” म्हणालो. “शेवटी थकल्यासारखं कर, सात-आठ सेकंद मागे राहा. त्याचं हक्काचंच आहे, त्याला मिळेल. कुणाला काय कळतंय?”

“आप्पाला कळंल,” तो म्हणाला.

“नाही कळत.”

२०२४ च्या जानेवारीतली ती शर्यत. थंडी कडाक्याची, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या, पटांगणात फक्कीच्या रेषा. दोघांचा आता पासष्टचा गट. हौसराव अंगाने उतरला होता, बनियन खांद्यावर लोंबत होतं, पण डोळे पोरासारखे चमकत होते. साखरबाई गाडीतच बसून राहिली. मी शिट्टी मारली.

बाभळींतून बाहेर पडलं की शेवटचे तीनशे मीटर मोकळं रान. मी तिकडे डोळे लावून उभा. आणि दहा शर्यतींत पहिल्यांदा बाभळींतून आधी पांढरी टोपी बाहेर आली. खोटं कशाला सांगू, सगळं ठाऊक असून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिट्टी, घड्याळ सगळं विसरून ओरडलो, “हौसराव, या! या!” मागे वीसेक पावलांवर भिमाजी होता.

पळणाऱ्याने मागे बघू नये, हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो. हौसरावने बघितलं. त्याला काय, मागचा माणूस बघायची सवयच नव्हती, एकदा मागून तो कसा दिसतो ते बघावंसं वाटलं असेल. भिमाजी थकल्याचं सोंग करत होता. आणि बिचाऱ्याला सोंग कुठलं येतंय? तो खांदे हलवत होता.

हौसराव थांबला. तिथंच, मोकळ्या रानात, रेषा समोर दिसत असताना. भिमाजीही मागे थांबला. त्यांच्याच गटातले, मागून येणारे भांडगावचे दादा शितोळे त्या दोघांच्या मधून आले, एकदा इकडे एकदा तिकडे बघितलं आणि पहिले येऊन मलाच विचारू लागले, “काय झालं वं तिथं? साप निघाला का?”

तिथं काय झालं ते मला भिमाजीने नंतर सांगितलं. हौसराव म्हणाला, “नऊ वर्षं ती पाठ बघितली म्या. खांदं हलवतोस व्हय रं, माझ्यापुढं? दया आली माझी?” भिमाजीच्या तोंडात वाक्य तयार होतं. एकच वाक्य. पण त्याच्या हाताला अजून आईच्या डोक्याचा स्पर्श होता. तो नुसता उभा राहिला. “एक गोष्ट मागितली व्हती तुला. खरं पायजे म्हणलं व्हतं,” हौसराव म्हणाला. त्याने छातीवरचा नंबर ओढून काढला आणि रेषेकडे न येता तिरका रान तुडवत गाडीकडे गेला. त्या दिवशी वस्तीवर जेवायला कुणी गेलं नाही. भिमाजी चालत येऊन तिसरा लागला. मी प्रमाणपत्र लिहिलं. म्हातारीने बोट फिरवून नाव शोधलं आणि ते दहावं म्हणून भिंतीवर लागलं. तिसरा का पहिला, तिला काय त्याचं.

हौसरावच्या सुया सुरू झाल्या, पण उपयोग झाला नाही. महिना-दीड महिना उशीर झाला नसता तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही. भिमाजीने चार वेळा फोन केला, हौसरावने एकदाही उचलला नाही.

जूनमध्ये साखरबाईचा मला फोन आला. “भेटायचं असंल तर भिमाजीला घेऊन या. हे नगं म्हणतील, पन या.”

तळेगावच्या त्याच खोलीत तो पडला होता, अर्धा उरलेला. भिमाजीला बघून त्याने भिंतीकडे तोंड केलं. भिमाजी खाटेच्या कडेशी जमिनीवर बसला. आईची शपथ त्याने तिथं मोडली. “आप्पा, मी भिमाजी न्हाई,” इथून सुरुवात करून सगळं सांगितलं. पट, गुरुजी, ओढा, भिंत. हौसराव तोंड न फिरवता ऐकत होता.

“हे तवाच सांगितलं असतंस,” तो शेवटी म्हणाला. “तिथं, रानात. कुणी न्हवतं आपल्यात. एवढंच म्हणला असतास, आप्पा, हे तुझंच हाय. तर मी पळालो असतो, रं. तीनशे मीटर तर ऱ्हायलं व्हतं.”

भिमाजीने खाटेच्या माचव्याला कपाळ टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला. हौसरावने त्याच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. तेवढी ताकद नव्हती, की इच्छा नव्हती, मला सांगता येणार नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. हळू पळ ही अक्कल माझी होती, हे मी तिथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज इथं लिहितोय.

“केवढं व्हतं पोरगं?” हौसरावने विचारलं.

“सा वर्षाचं.”

“आयला. सा वर्षाच्या पोरानं हरवलं व्हय मला नऊ येळा.” तो हसला की खोकला, कळलं नाही. मग पहिल्यांदा आमच्याकडे वळला. “मास्तर, म्हातारीच्या भितीवरला एकबी कागद काढायचा न्हाई. नियम घाला चुलीत.”

नऊ दिवसांनी हौसराव गेला.

पुढच्या जानेवारीत भिमाजी येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. अर्ज समोर ठेवून मी हळूच विचारलं, “नाव कोणतं लिहू?”

“पटावर हाय ते.”

शिट्टी झाली. तो पळाला तो जुन्यासारखाच. बाभळींतून एकटा बाहेर आला, मागे कुणाचा पत्ता नाही, खांदे अगदी स्थिर. आणि त्या मोकळ्या रानात, बरोबर त्या जागी, थांबला. मी हाक मारली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग छातीवरचा नंबर काढून घडी करून खिशात घातला आणि तिरका घराच्या वाटेला लागला. मी कागदावर त्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहिलं, घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलं आणि त्याच्यामागे गेलो. शर्यत चालू असताना मी रेषा सोडून गेलो, असं कधी झालं नव्हतं.

वस्तीवर अनसाबाई उन्हात खाटेवर बसली होती. आता तिला दिसतही फारसं नव्हतं. पावलं ओळखून तिने हात पुढे केला, तळवा वर.

“आण. कागद आण.”

“कागद न्हाई, आई.”

“का रं?”

भिमाजी तिच्यापुढे उकिडवा बसला. “औंदा भिमा पळाला न्हाई.”

सगुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती, ती दारातच थांबली. म्हातारीचा हात तसाच पुढे होता. मला वाटलं, आता ही छाती पिटून घेईल. साठ वर्षं सांभाळलेलं पोरगं तिच्या हातातून पुन्हा गेलं होतं. तिचे ओठ नुसते हलत होते.

“मग कोण पळालं?” तिने विचारलं.

“मी पळालो, आई.”

तिचा हात खाली आला, चाचपडत त्याच्या गुडघ्यावर गेला. पोटरीवर बाभळीने ओरखडलं होतं, थोडं रक्त वाळलं होतं, तिथं बोटं थांबली. नावावर थांबायची तशीच. किती तरी वेळ ती त्या पायावरून हात फिरवत राहिली.

“हनुमंता,” ती म्हणाली, “कितवा आलास रं?”

मी त्याच्या मागे उभा होतो. त्याचे खांदे हलत होते.